त्या वर्षी द्राक्षं लवकर पिकली

सारामावशीचं घर आमच्या घराच्या उजव्या हाताला होतं. मध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आणि त्या गडग्यात दोन चिरे काढून केलेली वाट. ही वाट कुणी आणि केव्हा केली, ते मला माहीत नाही. मला कळायला लागल्यापासून ती होती आणि तिच्यातून आमची फणसाची भाजी तिकडे जात असे, तिकडून नारळाच्या रसातला मासा येत असे. सारामावशीचे लोक कोकणातलेच, शेकडो वर्षांपासूनचे. मराठी बोलणारे, नऊवारी नेसणारे, आडनावाला ‘कर’ लावणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून पूर्वी त्यांना शनवार तेली म्हणत. माझ्या लहानपणी रत्नागिरीत त्यांची मोजकी घरं उरली होती. बाकीचे मुंबईला आणि तिथून इस्रायलला गेले. सारामावशीचे यजमान वारले, मग दोन्ही मुलगेही तिकडे गेले. मोशे थोरला, एझ्रा धाकटा. ती मात्र गेली नाही. का नाही गेलीस, असं कुणी विचारलं की म्हणे, “तिकडे मासे घ्यायला मला नावानं कोण हाक मारील?” कोळणींना तिचे नियम पाठ होते. खवलं नसलेला मासा, कोळंबी, कुर्ली तिच्या दारात टोपलीतून काढतही नसत.

ती ब्लाउज शिवायची. दुपारभर तिच्या मशीनचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात येई. आई त्यावर वेळ ओळखायची. मशीन थांबलं की चार वाजले, चहा टाकायचा. शुक्रवारी मशीन लवकर थांबे आणि शनिवारी लागतच नसे. त्यामुळे शनिवारी आमच्याकडे चहाला हमखास उशीर व्हायचा.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, शाळेत इंग्रजी शिकवत. भाषांतर हा त्यांचा खास विषय होता. त्यांची पद्धत सोपी आणि निर्दय होती. मूळ वाक्यातला एक शब्द गाळला की एक गुण गेला. अर्थ बरोबर असला तरी गेला. “लेखकानं घातलेला शब्द काढणारा तू कोण?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. गावातल्या दोन पिढ्या हा प्रश्न ऐकत मोठ्या झाल्या. एझ्रा त्यांचा आवडता विद्यार्थी होता. मोशेही त्यांच्याच हाताखालून गेला, पण तो दोनदा नापास झाला आणि शेवटी भाट्याच्या खाडीवर होड्या डांबरायला जाऊ लागला. पाठीनं रुंद, हसरा, लिहिण्यावाचण्याचा मनापासून कंटाळा असलेला मुलगा. मी पाच-सहा वर्षांची असताना तो मला खांद्यावर बसवून मांडवीला बोट लागताना दाखवायला नेई. मोशेदादाची माझी आठवण मुख्यतः त्याच्या कानांची आहे, कारण मी त्यांना धरून बसायची.

एझ्रा तिकडून दर महिन्याला मराठीत पत्र लिहायचा. सारामावशीला मराठी वाचता येत होतं, त्यामुळे पत्रांसाठी आमची गरज नसे. पत्रात मोशेची एक ओळ असायची. मोशे मजेत आहे, दक्षिणेला शेतावर आहे, लिहायचा कंटाळा तोच. मोशेनं स्वतः लिहिलेलं पत्र कधीच आलं नाही आणि त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

मी सतरा वर्षांची होते तेव्हा एझ्राचं पुस्तक आलं. तो हिब्रूत लिहायला लागला होता, त्याची कादंबरी तिकडे छापली गेली होती आणि आता तिचं इंग्रजी भाषांतर निघालं होतं. पार्सल अण्णांच्या नावानं होतं. आत कापडी बांधणीचं पुस्तक आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत दोनच वाक्यं होती. ‘सर, आईला वाचून दाखवा. सगळं.’ अण्णांनी पुस्तक पालथं केलं, उघडलं, पहिल्या पानावर ‘मूळ हिब्रूवरून’ असं होतं तिथं बोट ठेवलं आणि भाषांतर करणाऱ्याचं नाव मोठ्यानं वाचलं. लेखकाचं नाव त्यांनी नंतर वाचलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर, पाच ते सहा, सारामावशीच्या पडवीत वाचन सुरू झालं. शुक्रवार-शनिवार सोडून. अण्णा खुर्चीवर, सारामावशी खाली चटईवर ब्लाउजांना हुक लावत, मी अण्णांच्या शेजारी बाकावर. माझी इंग्रजी सुधारावी म्हणून मला बसवलं होतं. अण्णा ओळीखाली बोट धरत, इंग्रजी वाक्य मनात वाचत आणि मराठीत मोठ्यानं सांगत. माझं काम त्यांच्या बोटाबरोबर डोळे फिरवणं.

पहिले आठ-दहा दिवस मजेचे गेले. पुस्तकाची सुरुवात रत्नागिरीत होती. गावाचं नाव नव्हतं, ‘दक्षिणेकडचं एक बंदर’ एवढंच. पण आमची आळी होती, विहीर होती, गडगा होता. मराठीतल्या गोष्टी हिब्रूत गेल्या होत्या, हिब्रूतून इंग्रजीत आल्या होत्या आणि अण्णा त्यांना परत घरी आणत होते. एका ठिकाणी ‘उन्हात वाळवलेली, लाल, आंबट फळाची साल’ असं काहीतरी होतं. अण्णा थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “आमसूल.”

“सोलं म्हणा की,” सारामावशी म्हणाली. “एवढं लांबण कशाला लावलंन त्यानं?”

“त्यानं नाही. भाषांतरकारानं. त्याला बिचाऱ्याला शब्द नाही.”

“मग पाठवून द्या चार सोलं त्याला. चाखील, मग सुचेल.”

पुढे एक शिक्षक आला. कानांवर केस असलेला, खडूनं टेबल वाजवणारा, एका शब्दासाठी मुलांना उभं करणारा. अण्णांनी ते वर्णन, केसांसकट, पूर्ण सांगितलं. सारामावशी हुक तोंडात धरून हसत होती. “गाळू नका हो मास्तर, गाळू नका,” ती म्हणाली. “अजून काय म्हणतो कानांबद्दल?”

“पुढे अर्धविराम आहे,” अण्णा म्हणाले.

ती पुस्तकाला पत्र म्हणायची. “आज पत्र वाचायचं ना?” अण्णांनी दोनदा दुरुस्ती केली. ही कादंबरी आहे, यात खरं थोडं असतं, रचलेलं फार असतं. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्र म्हणायची.

नंतरच्या आयुष्यात मी वर्तमानपत्रात तीस वर्षं बातम्या भाषांतरित केल्या आणि त्या काळात इंग्रजीत आलेलं आधुनिक हिब्रू कथा-कादंबऱ्यांचं साहित्य मिळेल तसं वाचलं. कपाटाचे दोन खण भरले आहेत. त्यातल्या बऱ्याच लेखकांची एक सवय माझ्या लक्षात आली. मोठी गोष्ट ते लहान जागेत ठेवतात. युद्धाला एक परिच्छेद, स्वयंपाकघरातल्या भांडणाला वीस पानं. मृत्यू तर पुष्कळदा वाक्याच्या मुख्य भागात नसतोच. ही सवय सतराव्या वर्षी मला ठाऊक असती तर पुढचं वाक्य मला त्या तऱ्हेनं लागलं नसतं, असं मी म्हणत असे. आता म्हणत नाही.

पुस्तकाच्या मध्याच्या थोडं पुढे, नव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य होतं. दोन्ही भाऊ तोवर इस्रायलला पोचले होते. थोरला वाळवंटाच्या कडेच्या एका गावात द्राक्षांच्या मळ्यावर कामाला लागला होता. इंग्रजी वाक्याचा सरळ अर्थ असा: ज्या वर्षी माझा भाऊ ट्रॅक्टरखाली गेला, त्या वर्षी द्राक्षं लवकर पिकली.

अण्णांचं बोट वाक्याच्या शेवटापर्यंत गेलं, परत सुरुवातीला आलं आणि पुन्हा शेवटापर्यंत गेलं. मग ते म्हणाले, “त्या वर्षी द्राक्षं लवकर पिकली.”

मला आधी वाटलं, मीच चुकीचं वाचलं. मी वाक्य पुन्हा वाचलं. शब्द सोपे होते. दहावीच्या मुलाला आले असते. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा नेहमीसारखा होता. फक्त बोट पानावर इतकं दाबलेलं होतं की नखाभोवती पांढरं झालं होतं.

“मोशे होता ना तोडणीला?” सारामावशीनं विचारलं.

“होता,” अण्णा म्हणाले.

त्यापुढचा पाऊण तास त्यांनी जे सांगितलं त्यातलं पानावर जवळजवळ काही नव्हतं. पानावर पुरण्याचं होतं, सात दिवस जमिनीवर बसण्याचं होतं, भावाच्या बुटांचं होतं. अण्णा द्राक्षांचे घड, मजुरांची गाणी आणि विहिरीचं गार पाणी सांगत होते. वाक्यं सफाईदार होती. माझ्या वडिलांना खोटं बोलता येतं ही गोष्ट मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हती, आणि ते इतकं चांगलं येतं हे तर मला आजही पचवणं अवघड जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात त्यांना गाठलं. ते पाटावर बसून भाकरी खात होते. आई चुलीपाशी होती.

“अण्णा, तुम्ही काल अर्धं वाक्य गाळलंत.”

“हो.”

“मोशेदादा गेला?”

“कादंबरीतला गेला. खरा गेला की नाही, मला माहीत नाही. एझ्राला काल रात्रीच पत्र लिहिलंय. आज टाकतो.”

“उत्तर यायला महिना लागेल.”

“लागेल. ते येईपर्यंत जिवंत मुलाला मी मारायचा का? एका वाक्यावर?”

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. “मग वाचन बंद ठेवा तोवर. ताप आलाय म्हणून सांगा.”

“ताप नसताना ताप आहे कसं सांगू?” अण्णा म्हणाले. आईनं त्यांच्याकडे वळून पाहिलं, पण ते गंभीरपणेच बोलत होते.

म्हणून वाचन चालू राहिलं. मी बाकावर बसत राहिले, कारण उठले असते तर कारण द्यावं लागलं असतं. पानावर धाकटा भाऊ थोरल्याचे कपडे वाटून टाकत होता आणि अण्णा पडवीत थोरल्याला वाढवत होते. सारामावशीचे प्रश्न त्याच्याबद्दलच असत. त्याला जेवण कोण करून घालतं, अंगावर काय घालतो, कुणाशी भांडतो. एझ्राबद्दल ती विचारत नसे. तो लिहितो आहे म्हणजे बरा आहे, असा तिचा हिशेब. अण्णांना उत्तरं द्यावी लागत. एका उत्तरात मोशेला जमिनीचा तुकडा मिळाला. मग त्या तुकड्यावर त्यानं घर बांधायला घेतलं. मला वाटतं अण्णांना तिथंच थांबायचं होतं. पण “पुरं झालं का हो घर?” असं तिनं तीन दिवस लागोपाठ विचारलं आणि तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “झालं. वर कौलं चढली.”

सारामावशीनं हातातला ब्लाउज खाली ठेवला. मोशेला स्वतःचं छप्पर मिळालं की मलिदा करीन, असा तिचा नवस होता. तो तिनं कुणालाच सांगितला नव्हता. मलिदा म्हणजे त्यांच्याकडे एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं करायचा प्रसाद. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, वर पाच तऱ्हेची फळं. इच्छा पुरी झाल्यावरच करायचा. आधी नाही.

आई अण्णांना म्हणाली, “आता तरी सांगा.” अण्णा म्हणाले, “अजून उत्तर आलेलं नाही.” आई म्हणाली, “उत्तर आलेलं नाही म्हणून देवाला फसवायचं?” मी सांगू शकले असते. मला दोन पाय होते, गडग्यातली वाट होती, आणि इंग्रजी मला पुरेसं येत होतं. मी सांगितलं नाही. वडील सांगत नाहीत ते मुलीनं सांगायचं, हे आमच्या घरात कधी झालं नव्हतं. हे कारण म्हणून मी देत नाही, फक्त नोंदवते.

मलिद्याला खेडहून तिचे एक चुलत दीर आले. त्यांना प्रार्थना येत होत्या. बाकी सगळी आळी हिंदूच. परातीत मधोमध मलिद्याचा ढीग, त्यावर केळी, खजूर, चिकू, सफरचंदाच्या फोडी, डाळिंबाचे दाणे. सारामावशीनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. दिरांनी हिब्रूत म्हटलं, तिनं मध्येच मराठीत म्हटलं, “माझ्या मोशेला सुखात ठेव.” मग पहिली मूठ अण्णांच्या हातावर घातली, कारण बातमी त्यांनी आणली होती. अण्णांनी खाल्ली. ती म्हणाली, “अजून घ्या, मास्तर.” त्यांनी अजून घेतली. आई पदर तोंडाला लावून मागच्या दारानं घरी निघून गेली. पोट बिघडलंय, असं मी सांगितलं.

आठ दिवसांनी निळं हवाई पत्र आलं. शनिवार होता. अण्णांनी शाळेतून आल्यावर ते दारातच उभ्यानं वाचलं, मग ते माझ्या हातात दिलं आणि खुंटीवरचा शाळेचा कोट, जो त्यांनी नुकताच काढून ठेवला होता, तो परत अंगात घातला. पत्र मी आईला वाचून दाखवलं. ते माझ्याकडे अजून आहे. एझ्रानं लिहिलं होतं:

‘सर, मोशेला जाऊन दोन पावसाळे झाले. इथे पावसाळा नसतो, पण मी अजून तसंच मोजतो. आईला कळवायला मी कितीदा तरी बसलो. मराठीत ते वाक्य होईना. हिब्रूत झालं. तिच्यापर्यंत हिब्रू पोचणार नव्हतं, म्हणून इंग्रजी होईपर्यंत थांबलो आणि पहिली प्रत तुम्हाला पाठवली. तुम्ही एकही शब्द गाळत नाही. तुमच्या तोंडून ती ऐकेल, एवढ्या भरवशावर मी हे पुस्तक लिहिलं, असं म्हटलं तरी चालेल. तिनं काय म्हटलं, ते कळवा.’

आई म्हणाली, “तू जा बरोबर.”

शनिवार असल्यामुळे मशीनवर झाकण होतं. सारामावशी पडवीत नुसती बसली होती. आज वाचायचा वार नाही, असं ती म्हणणार होती, पण अण्णांचा कोट पाहून म्हणाली नाही. अण्णा खुर्चीवर बसले. त्यांनी पुस्तक उघडलं, पान काढलं, बोट ठेवलं आणि वाक्य पूर्ण वाचलं. ज्या वर्षी माझा भाऊ ट्रॅक्टरखाली गेला, त्या वर्षी द्राक्षं लवकर पिकली. त्यानंतरचं पानही वाचलं. पुरणं, सात दिवस, बूट. मग पत्र वाचलं.

ती म्हणाली, “मागे वाचलंत तेव्हा नुसती द्राक्षं पिकली होती.”

“हो.”

“आणि घर?”

“घर नाही.”

“जमीन?”

“मालकाची.”

“मलिदा तुम्ही खाल्लात, मास्तर.”

“हो.”

“दोनदा घेतलात.”

“हो, साराबाई.”

अण्णांचा आवाज वर्गातल्यासारखाच होता. प्रश्नाला उत्तर, त्यापुढे काही नाही. त्यांनी क्षमा मागितली नाही. त्यांना ती मागता आली नाही, की मागणं त्यांना अपुरं वाटलं, ते मी सांगू शकत नाही. पुढेही त्यांनी कधी सांगितलं नाही.

“घरी जा तुम्ही,” ती म्हणाली. “सुमे, तू थांब.”

अण्णा गेले. पुस्तक खुर्चीवर राहिलं. सारामावशी म्हणाली, “शनवारी दुखवट्याला बसत नाहीत. उद्या सकाळी ये. पोटात काहीतरी घालून ये.”

मी रविवारी सकाळी गेले. माणूस गेल्याचं कळलं की त्यांच्यात करतात तसं घरात साठवलेलं पाणी तिनं ओतून टाकलं होतं, मोरीपासून पडवीपर्यंत जमीन ओली होती. ती आतल्या खोलीत जमिनीवर, पायात काही न घालता बसली होती. लुगड्याचा पदर वीतभर फाडलेला होता. तिनं मला समजावून सांगितलं, अगदी शिवण शिकवताना सांगायची तसं. माणूस गेल्याचं तीस दिवसांच्या आत कळलं तर सात दिवस जमिनीवर बसायचं. त्या सात दिवसांत लोक येतात, जेवण आणतात, गेलेल्याबद्दल बोलतात. तीस दिवसांनंतर कळलं तर सात दिवस नाहीत. तेव्हा एक तास. तो झाला की उठायचं, तोंड धुवायचं, चूल पेटवायची.

“दोन पावसाळे म्हणजे तीस दिवसांच्या वरच ना गो?” तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

तिनं फळीवरचं टाइमपीस माझ्या हातात दिलं. “मी बघायची नाही. तास झाला की सांग. एक मिनिट जास्त नको, एक मिनिट कमी नको. तेवढंच आहे त्याच्या वाट्याला, ते नीट होऊ दे.”

ती भिंतीकडे तोंड करून बसली. साडेनऊ वाजले होते. ती रडली असेल, तर आवाज केला नाही. दोन-तीनदा तिनं काहीतरी म्हटलं. एकदा नाव होतं, एकदा हिब्रू होतं, एकदा स्पष्ट मराठीत, “तुझे कान गार पडायचे रे.” बाहेर आळीत मासेवाली ओरडत आली आणि दाराशी येऊन, आतलं बघून, न बोलता पुढे गेली. मी काट्यांकडे बघत होते. दहा वाजले, सव्वादहा वाजले. साडेदहाला मी तोंड उघडलं आणि मिटलं. महिनाभर मी आमच्या घरात वडिलांशी धड बोलले नव्हते. रोज त्यांच्या ताटासमोर बसून मी मनात त्यांना एकच प्रश्न विचारत होते, की एका शब्दासाठी मुलांचे गुण कापणाऱ्या माणसाला हे झालं कसं.

“झाला का गो तास?” सारामावशीनं मागे न वळता विचारलं.

अकराला दहा मिनिटं होती.

“नाही,” मी म्हटलं. “अजून आहे.”